मामांच्या बहिणी

मी मामांची खरी भाची. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मामांना मानलेल्या भाचरांचा तोटा नाही.

मामा बाळंतपणाच्या दवाखान्यात वॉचमन होते. दवाखाना कालव्याच्या अलीकडे, आमच्या वस्तीत. एका परदेशी संस्थेनं त्याला काही कमी पडू दिलं नव्हतं. अशक्त बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या होत्या, रक्ताची सोय होती, औषधांची कपाटं ओसंडत होती. पलीकडच्या वस्तीला दुसऱ्या एका देशानं असंच काही देऊ केलं होतं. त्या देशात सरकार बदललं आणि मदत हवेत विरली. पलीकडे उरली एक खोली आणि तिचं कुलूप.

संस्थेचा नियम असा की, अलीकडच्याच बायकांना दाखल करायचं. फाटकावर पत्ता विचारायचं काम मामांचं. एका दुपारी पलीकडची एक बाई कळा सोसत रिक्षातून उतरली. मामांनी पत्ता विचारला आणि ती बिचारी खरं बोलून गेली. मामांनी डोकं खाजवलं आणि आत हाक मारली, "सिस्टर, माझी बहीण आलीय! माझ्याच घरी राहते!"

मुलगी झाली, चांगली दणदणीत. मग काय, बातमी कर्णोपकर्णी कालव्यावरच्या पुलापलीकडे गेली आणि रोज एक नवी बहीण येऊ लागली. मोठ्या सिस्टरना सगळं कळत होतं, पण त्या कानाडोळा करत. मामी मात्र सोडायची नाही.

"अहो, घर दोन खोल्यांचं, आणि नणंदांची ही पलटण! लग्नात मला एकच दाखवली होती."

"ती एकच तुला झेपेना, म्हणून बाकीच्या लपवल्या," मामा म्हणत. ती एक म्हणजे माझी आई.

मग संस्थेच्या मोठ्या बाई पाहणीला आल्या. मी आणि मामी चहा द्यायला गेलो होतो. बाई बोलत होत्या आणि दुभाष्या सांगत होता, "या वस्तीत बाळंतपणं फार होतात, म्हणून इथं आणखी एक मजला बांधू. पलीकडेही केंद्र काढायचा विचार होता, पण तिथं बाळंतपणं होतच नाहीत असं दिसतं. तो पैसा इथंच लावू."

टाळ्या पडल्या. मामांचे हात काही वाजेनात. पलीकडच्या बायकांना त्यांनी इतकं बेमालूम लपवलं होतं, की तिकडे बायका आहेत हेच कुणाला दिसेना. आणि सगळ्याच काही वेळेवर पोचत नव्हत्या. महिन्याभरापूर्वी एकीचं बाळ पुलावरच जन्मलं. मामा त्याला दुपट्यात गुंडाळून धावत आले, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेलं. मला अजूनही त्या पुलावर भरून येतं.

मामा उठले. मामीनं मागून सदरा ओढला, कारण नोकरी जाणार हे तिला दिसत होतं.

"बाई, मी खोटं बोललो," मामा म्हणाले. "एवढ्या बहिणी माझ्या घरी राहत नाहीत. निम्म्याअधिक पलीकडच्या आहेत."

बाई तडक वॉर्डात शिरल्या, त्यांच्यामागून आम्ही सगळे. पहिल्या खाटेवरच्या बाळंतिणीला त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, "तुम्ही कुठं राहता?" तिनं घाबरून मामांकडे पाहिलं. मामांनी 'खरं सांग' अशी मान हलवली.

"पलीकडे."

दुसरीही म्हणाली, "पलीकडे." तिसरी तर विचारायच्या आतच म्हणाली, "मीपण!" सगळा वॉर्ड हसला, मोठ्या सिस्टरसुद्धा. बाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि एकेकीशी बोलत संध्याकाळपर्यंत तिथंच बसल्या.

मामांची नोकरी गेली. मोठ्या सिस्टरनी रदबदली करून पाहिली, पण नियम तो नियम. आता ते मामीच्या शिवणकामात बटणं लावून देतात. वाकडी लावतात आणि वर बोलणीही खातात.

दुसरा मजला झालाच नाही. पलीकडच्या कुलूपबंद खोलीला मात्र आणखी दोन खोल्या जोडून केंद्र निघालं. उघडलं त्या सकाळी आम्ही सगळे गेलो होतो. तेवढ्यात एक अवघडलेली बाई कमरेवर हात ठेवून दारात आली. मामा लगबगीनं पुढे झाले आणि रस्त्यावर रिक्षा शोधू लागले, तिचं सामान उतरवायला.

"रिक्षा कशाला, दादा? ही काय, समोरच राहते मी," ती म्हणाली आणि आत गेली.

मामा त्या समोरच्या घराकडे बघत राहिले. मग डोळे पुसत, हसत मामीला म्हणाले, "चालत आली गं!"