तिरका बसलेला रोल

माझ्या थोरल्या भावानं नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना मला दिला. झाकण उघडलं की त्याचा काळा भाता फुसकन पुढे यायचा. पाठीमागे तांबड्या काचेची लहानशी खिडकी होती. आतल्या फिल्मला कागदाचं अस्तर असायचं आणि त्या अस्तरावरचे आकडे या खिडकीतून दिसायचे. एक फोटो झाला की वरची किल्ली फिरवून पुढचा आकडा आणायचा. एका रोलमध्ये आठ फोटो. रोल भरण्याचं काम मात्र तोवर नेहमी भावानंच केलं होतं.

मी तेव्हा मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत नवीन मास्तरीण होते. पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं आणि मंगरूळपीर अजून अकोला जिल्ह्यात होतं. त्या वर्षी आमच्या शाळेतून सातवीच्या परीक्षेला पहिल्यांदाच अकरा मुली बसणार होत्या. परीक्षा वाशीमला होती. मोटारीनं निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांचे फोटो काढायचं मी कबूल करून बसले. दोघींची लग्नं ठरलेली होती. परीक्षा झाली की त्या गावातून जाणार, मग पुन्हा सगळ्या एकत्र कधी दिसतील कोण जाणे.

रोल एकच होता आणि दुसरा अकोल्याशिवाय मिळत नव्हता. मी हिशेब केला. सगळ्यांचे दोन, मग दोघीदोघींचे चार आणि उरलेल्या तिघींचा एक, म्हणजे सात. एक हाताशी राहत होता. सकाळी खोलीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रोल भरला आणि मोठ्या ऐटीत शाळेत गेले.

मुली धुतलेल्या कपड्यांत, वेण्यांना रिबिनी बांधून अंगणात उभ्याच होत्या. पहिला फोटो छान झाला. किल्ली जरा जड लागली, पण दोनचा आकडा आला. दुसऱ्या फोटोसाठी आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, रांगेच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. तोही झाला. मग किल्ली फिरवायला गेले तर ती अर्धी फिरली आणि थांबली. खिडकीत आकडा नाही, नुसते ठिपके. थोडा जोर लावला तर आतून कागद चुरगाळल्यासारखा आवाज आला.

"उघडून बघा ना आत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"उघडलं तर उजेड शिरेल. झालेले दोन्ही फोटो जातील."

शाळेच्या भिंतीला लागूनच एका मुलीचं घर होतं. तिची आई कपडे शिवायची. तिच्या मशीनचा आवाज ऐकतच आमचे तास चालत. ती मुलगी पुढे आली.

"बाई, अम्मीले बोलावू का? मशीन बिघडली का तीच खोलते."

मी हो म्हटलं. अम्मी आल्या, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. काय झालं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जोर कायले लावून राह्यल्या, बाई? मोडून जाईन ते. आत कसं असते, मले सांगा."

माझ्या पिशवीत आधीच्या रोलची रिकामी रीळ होती, तिच्यावर जुन्या कागदाचा तुकडाही. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, कागद गुंडाळला, सोडला. मग डोळे मिटून पुन्हा गुंडाळला.

"हे तं बॉबिनवानीच हाय. धागा तिरका भरला का बॉबिन फुगते, मंग मशीन अडते. तुमी कागद सरका लावला व्हता का?"

सकाळची माझी घाई आठवली. कागदाचं टोक खाचेत जरा तिरकंच गेलं होतं, पण जाईल पुढे, असं म्हणून मी झाकण लावलं होतं. वहीतली समासाची रेघ वाकडी आली तर मी या मुलींना पुन्हा मारायला लावायची. आता अकराजणींच्या समोर सांगणं भाग होतं.

"नाही, तिरका लागला."

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मग मीही हसले.

आता अंधार हवा होता. त्यांच्या घराचं दार लावलं, तरी छपराच्या कवेलूंच्या फटींतून ऊन येत होतं. अम्मींनी खुंटीवरचा काळा बुरखा काढला, त्याची चौपदरी घडी केली, आत कॅमेरा ठेवला आणि वरून हिवाळ्यातल्या दोन रजया टाकल्या. दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत हात आत घातले. मी रजईच्या कडा दाबून धरल्या. चैत्राचा उकाडा, दोघींच्या कपाळावरून घामाच्या धारा.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "एका बाजूनं कागद चढला हाय. थांबा, मांगं सोडतो थोडा."

"फिल्मच्या मधल्या भागाला बोट लावू नका."

"नाई लावत." थोडा वेळ नुसती बोटं हलत राहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, माही पोर पास होईन का?"

"होईल. भूगोल थोडा कच्चा आहे."

"मले तं मंगरूळच्या पुढचं गाव माईत नाई. भूगोल कोठून येईन तिले?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. "घ्या. बसला सरका. झाकण लावलं."

कॅमेरा बाहेर काढून मी किल्ली फिरवली. लोण्यात फिरावी तशी फिरली आणि खिडकीत तीनचा आकडा आला. बाहेर मुलींना सांगायची गरजच पडली नाही, त्या दाराच्या फटीतून ऐकतच होत्या.

बाकीचे पाच फोटो भराभर झाले. शेवटचा उरला होता. मी अम्मींना म्हटलं, "आता तुमचा काढते."

"माहा नको. घरात चालत नाई." त्यांनी मशीनकडे पाहिलं. "मशीनचा काढा."

मशीन दारापाशी उजेडात आणली. मी कळ दाबणार, तेवढ्यात सुईला लोंबणारा धागा त्यांना दिसला आणि तो तोडायला त्यांचा हात पुढे आला. फोटोत मशीन आली, आणि अंगुस्तान घातलेला तो हातही. पुढे प्रिंट पाहून त्या म्हणाल्या, "हात आला तं आला. त्याले कोण वयखते?"

अकोल्याहून फोटो आले तेव्हा मुलींचा निकालही लागला होता. अकरापैकी नऊ पास. अम्मींची मुलगी त्यांत होती, भूगोलासकट. दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात पांढरा डाग पडला होता. दुसरा आणि तिसरा फोटो काठाशी एकमेकांवर चढले होते. त्यामुळे तिसऱ्यातल्या दोन मुलींच्या मागे, आरपार दिसणाऱ्या, अर्ध्या मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या दोघी म्हणाल्या की परीक्षेतही त्यांना असंच वाटत होतं. शिस्तीच्या मोठ्या बाई हे पाहून रागावतील म्हणून मी फोटो लपवला होता. त्यांना कळलंच. त्यांनी बराच वेळ तो पाहिला आणि त्याचीच एक प्रत मागून घेतली.

पुढची तीन वर्षं मी मंगरूळपीरला होते. रोल आला की मी तो घेऊन शेजारी अम्मींच्या घरी जायची. त्या हातातलं शिवण बाजूला ठेवून तो भरून द्यायच्या, आणि मी तेवढ्या वेळात त्यांच्या धाकट्या मुलीची भूगोलाची उजळणी घ्यायची.