ओट्यापासून मोजलेली गल्ली

प्रश्न साधा होता : आमच्या गल्लीची रुंदी किती? सहा वर्षांपूर्वी मी त्याचे उत्तर लेखी दिले, प्रमाणबद्ध नकाशा जोडून दिले, आणि ते खोटे होते. चुकून खोटे झाले असे म्हणता आले असते तर बरे झाले असते — पण तसे नव्हते. हे मी आजवर घरात बोललो नाही, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांजवळही बोललो नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलणे जमेल. की ओळखत नाही म्हणूनच सोपे जाते आहे? तसे असेल तर हाही भित्रेपणाच.

मी जुन्या जालन्यात राहतो. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यातली भूमिती हे माझे आवडते अंग. पाचवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगत असे — मोजायचे असेल तर शेवटचा आकडा वाचण्याची घाई करू नका, आधी शून्य कुठे ठेवले आहे ते पाहा. शून्य सरकले की पुढचे सगळे आकडे प्रामाणिकपणे खोटे बोलतात. मुले हसत. मलाही हे वाक्य आवडे. आता आवडत नाही.

या शिकवण्यामुळे गल्लीत मला एक मान मिळाला होता. दोन घरांमध्ये सामाईक भिंतीचा वाद निघाला, पन्हाळीचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते यावर भांडण झाले, की लोक म्हणत, ‘सरांना मोजू द्या.’ मी शाळेतली लांब टेप घेऊन जाई, कागदावर आकृती काढी, आणि वाद मिटे. माझ्या मोजणीची फेरमोजणी कोणी करत नसे. त्या विश्वासाचे पुढे मी काय केले, तेच सांगायचे आहे — आणि पाहा, अजून मी त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

समोरच्या घरात दिगंबर राहतो. माझाच विद्यार्थी. लहानपणीच्या पोलिओने त्याचा डावा पाय बारीक राहिलेला. त्याने मालाची तीनचाकी घेतली होती, ज्याला आपण लोडिंग रिक्षा म्हणतो. ब्रेक उजव्या पायाला, बाकी सगळे हातांत, त्यामुळे ते वाहन जणू त्याच्यासाठीच घडवलेले. सकाळी दाराबाहेर दोन पावले टाकायची, रिक्षात बसायचे, मोंढ्यावर जाऊन धान्याची पोती भरायची. संध्याकाळी रिक्षा पुन्हा त्याच्या भिंतीला अगदी चिकटून उभी. त्या दोन पावलांवर त्याचा सगळा धंदा उभा होता. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे मी लिहिणार नाही.

मग माझी अडचण काय होती? रिक्षेचा आवाज नव्हे, धूर नव्हे. माझ्या मुलाने पुण्यात मोटार घेतली आणि दिवाळीला ती घेऊन आला. रिक्षेशेजारून न्यायची म्हटली तर आरसा घासेल, आणि नेलीच तरी उभी कुठे करणार, म्हणून त्याने ती चौकात लावली आणि सूनबाई नातवाला कडेवर घेऊन पिशव्यांसह चालत आली. चारच मिनिटांची वाट. पण मुलाची मोटार आपल्या दारात उभी राहत नाही, हे मला फार लागले. इतकीच गोष्ट. यापेक्षा मोठे कारण मी स्वतःसाठी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निमित्त आयते मिळाले. नळाला पाणी नव्हते, पालिकेचा टँकर आला आणि आमच्या दोन घरांमध्ये येऊन अडला. हंडे घेऊन उभ्या बायका चिडल्या. कोपऱ्यावरच्या गयाबाई मोठ्याने म्हणाल्या, “सरांचा ओटा अन् दिगूची गाडी — दोघांचं लगीन लावून द्या एकदाचं, मंग तरी टँकर जाईल!”

सगळे हसले. दिगंबरही हसला. मी हसलो नाही, कारण गयाबाईंनी थट्टेत खरे तेच सांगितले होते.

ओट्याचे सांगायला हवे. पूर्वी माझ्या घराची भिंत थेट गल्लीला लागून होती. गल्लीत सिमेंटचे काम झाले तेव्हा मी गवंड्याला सांगून भिंतीबाहेर अडीच फुटांचा ओटा बांधून घेतला आणि वर शहाबादी फरशी बसवली. ती जागा गल्लीची होती, माझी नव्हती. संध्याकाळी सगळी गल्ली त्या ओट्यावर टेकते, म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

टँकरच्या प्रकारानंतर मी पालिकेत अर्ज केला. विषय : रहदारीस अडथळा ठरणारे वाहन. निरीक्षक म्हणाले, टँकरला आठ फूट मोकळी वाट लागते. वाहन उभे असताना तेवढी उरत असेल तर हरकत नाही, उरत नसेल तर तिथे वाहन लावता येणार नाही. नियम योग्य होता. त्याविषयी माझी आजही तक्रार नाही.

मोजणी मीच करतो म्हणालो. टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे होते. दिगंबर पुढे आला — ज्याच्याविरुद्ध अर्ज होता, तोच! काठी भिंतीला टेकवून तो माझ्या ओट्यावर ओणवा झाला आणि हात लांब करून त्याने टेपचे टोक, म्हणजे शून्य, माझ्या घराच्या भिंतीला लावले. बरोबर जागी. पाचवीत शिकवले होते तसे.

मी म्हणालो, “तिथं नाही. ओट्याच्या कडेला धर.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. किती वेळ? फार नाही — एखादा अंक वाचायला लागतो तेवढा. मग त्याने टोक अडीच फूट अलीकडे आणले आणि ओट्याच्या कडेला घट्ट धरले.

आता आकडे पाहा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्ली चौदा फूट तीन इंच आहे. रिक्षेचे पाच फूट वजा केले तर सव्वानऊ फूट उरतात आणि टँकर सहज जातो. मी लिहिले : गल्लीची रुंदी अकरा फूट नऊ इंच. रिक्षा वजा जाता उरतात पावणेसात. नकाशात मी ओटा दाखवलाच नाही. जिथे ओट्याची कड होती तिथे ठळक रेघ मारून ‘घराची भिंत’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. एक हटायला हवे होते — माझा ओटा किंवा त्याची रिक्षा. मी रेघेने निवड केली.

निरीक्षक जागेवर आले. माझा नकाशा पाहून म्हणाले, “सर, तुम्ही आमचं कामच संपवलं.” चहा ते त्याच ओट्यावर बसून प्याले. मग त्यांनी दिगंबरला विचारले, काही हरकत आहे का?

तो म्हणाला, “सरांनी मोजलं म्हणल्यावर बराबरच असंल की, साहेब. टेपचं एक टोक तर म्याच धरल्तं.”

त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होते. मी बशी उचलून आत ठेवायला गेलो.

दिगंबरच्या भिंतीवर पाटी लागली : ‘येथे वाहने उभी करू नयेत.’ तो रिक्षा गल्लीबाहेरच्या मैदानाजवळ लावू लागला. तिथून त्याच्या दारापर्यंत माझी सहाशे चाळीस पावले होतात. त्याची किती होतात, ते मी मोजले नाही. सकाळी सिमेंटवर काठीचा आवाज येई आणि मी वर्तमानपत्र थोडे वर धरी. पुढच्या दिवाळीला मुलगा आला, मोटार दारात आली आणि त्या पाटीखालीच दुपारभर उभी राहिली. दिगंबर चालत घरी येत होता. थांबून म्हणाला, “दादा आले का, सर? बरं झालं. सोय झाली.” त्या शब्दांत टोमणा असावा असे मी कितीदा शोधले. टोमणा असता तर मला हलके वाटले असते.

गेल्या उन्हाळ्यात त्याने रिक्षा विकली. सांगायला आला होता. “पाय न्हाई चालू देऊन राह्यला, सर. मोंढ्यापेक्षा मैदानच लांब वाटतं.” आता तो एका आडतीवर वजनकाट्याशी बसून असतो, दुसऱ्याच्या रिक्षातून जातो. सणाला अजून माझ्या पाया पडतो. त्या दिवशी टेप सरकवताना त्याला काय कळले होते, हे मी त्याला विचारलेले नाही. विचारायची गरज नाही. शून्य कुठे ठेवायचे ते त्याला मीच शिकवले होते.

गेल्या महिन्यात मी पालिकेत दुसरा अर्ज दिला, दुरुस्त नकाशासह, ओटा दाखवून. पोच मिळाली आहे. पण रिक्षाच राहिली नाही, तेव्हा मोकळी होणारी जागा त्याच्या काय कामाची? पाटी अजून तिथेच आहे. ओटाही आहे — हे मी त्यावरच बसून लिहितो आहे.

एवढेच सांगायचे होते. फक्त, वर दिलेले आकडेही माझेच आहेत, म्हणून ते तसेच मान्य करू नका. कधी जुन्या जालन्यात आलात तर सोबत टेप आणा आणि स्वतः मोजून पाहा. शून्य भिंतीला धरा.