पाडव्याची पहिली फेरी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी नारायणमामांचं नाव घेईन. गेल्या महिन्यात ते गेले. कल्याणच्या शाळेत माझा तास चालू असताना निरोप आला. तास पुरा केला, मग ठाण्याला निघालो. रडू आलं नाही... नुसता थकवा आला, तो अजून उतरलेला नाही.

ठाण्याच्या खाडीकाठी माझ्या लहानपणी उन्हाळाभर करमणुकीचं मैदान भरायचं. हसवणारे आरसे, लाकडी घोड्यांची चक्री आणि मधोमध मामांचा आकाशपाळणा, माणसांनी हातांनी फिरवायचा. पाडव्याला नारळ फुटला की पहिल्या फेरीत घरचंच माणूस बसे. ते सुखरूप उतरल्याशिवाय परक्याला बसवायचं नाही, हा आजोबांपासूनचा रिवाज. आई-वडील गेल्यावर मला मामांनीच वाढवलं, शिकवलं; पहिली फेरी माझीच असे. वरून खाडी आणि पलीकडची मिठागरं दिसत. मामा स्वतः कधी बसले नाहीत. माळ्यावर चढलं तरी त्यांना घेरी यायची.

माझ्या बी.ए.चा पहिला पेपर नेमका पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला. पेपर सकाळचा, म्हणून पाडव्याच्या दुपारीच मुंबई गाठायला हवी होती, आणि नारळ तर संध्याकाळी फुटायचा. मामींचा पाय प्लास्टरमध्ये. घरात चौथं माणूस नाही. मी म्हटलं, "परीक्षा पुढल्या वर्षी देतो."

"अरे, पाळण्यात बसायला पदवी लागत नाही," मामा म्हणाले. "तू जा. इथलं मी बघतो."

"काय बघताय?" मामी म्हणाल्या. "माळ्यावरची बरणी काढायला शेजाऱ्यांना हाक मारता."

तो पाडवा मामींनी मला पुष्कळदा सांगितला. मामा डोळे घट्ट मिटून बसले. पाळणा वर गेल्यावर फिरवणाऱ्यांनी खालून विचारलं, "शेट, उतरवू काय?" वरून उत्तर आलं, "पुरी होऊ दे रे. लोक बघतायत." उतरल्यावर खांब धरून बराच वेळ उभे राहिले, आणि मग लोकांना हात केला... या.

पुढे मैदान बंद पडलं, पाळणा मोडीत गेला. त्यातली एक लाकडी बैठक मामांनी ओसरीवर ठेवली होती. दुपारचे तिथेच टेकायचे. तेराव्याला सगळे गेल्यावर मी तिच्यावर बसून राहिलो. उठवत नव्हतं.

निकाल लागला त्या दिवशी मुंबईहून मी त्यांना एक कार्ड टाकलं होतं. त्यात एवढंच होतं:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. मी पास झालो. येत्या पाडव्याला पहिल्या फेरीला मी येतो. तुम्ही आता खालीच उभे राहा."