अकोल्यातली कोरी कॉफी

पुण्याहून निघताना बॅगेत मी कपड्यांच्या आधी कॉफी दळायची हातचक्की भरली. वऱ्हाडात चाललीस की हिमालयात, असं नवऱ्यानं विचारलं. दूधसाखर घातलेल्या कॉफीला मी कॉफी म्हणत नाही, आणि त्यावरून आमच्या घरात पुष्कळ वाद झालेत.

जाण्याचं कारण वर्षा. पुण्यात आम्ही एकाच कचेरीत होतो. मग ती अकोल्याला, आपल्या गावी परतली आणि तिनं चक्क कॉफीचं दुकान काढलं. आमच्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे तुम्हा पुणेकरांना ठाऊक तरी आहे का, असा टोमणा तिनं फोनवर मारला होता. मला ठाऊक नव्हतं. म्हणून आधी चिखलदरा, मग अकोला असा बेत केला.

सकाळी अमरावतीला उतरले. स्टँडजवळ गिला वडा (दही-चटणी घातलेला मऊ वडा) खाल्ला, लगेच दुसरा मागवला आणि परतवाड्याची एसटी पकडली. परतवाड्याला पुढच्या गाडीला वेळ होता. टपरीवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा चहा उकळत होते. कॉफीची पुडी दिसली, तेव्हा कोरी करून द्या म्हटलं. चाचांनी स्टोव्ह बारीक केला.

"कोन गेलं जी ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं की इकडे मयतीच्या घरी कोरा चहा देतात. एकटी बाई, प्रवासात, कोरं मागते म्हणजे घरचं कुणी गेलं असणार. कुणी गेलेलं नाही, मला आवडतेच तशी, असं सांगितल्यावरही त्यांचा पुरता विश्वास बसला नाही. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांना सरकवून त्यांनी मला निवांत बसायला जागा केली. आधी हसू आलं, मग अगदी भरून आलं.

चिखलदऱ्यात बोचरी थंडी होती. उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं लाल फळांनी लगडलेली. तोडणी करणाऱ्या एका बाईनं एक फळ माझ्या हातावर ठेवलं आणि खा म्हणाली. साल गोडसर लागली. इतकी वर्षं कॉफीवर तावातावानं बोलत आले, पण तिचं फळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं.

दुसऱ्या दिवशी अकोटवरून अकोल्याला पोचले. वर्षाच्या दुकानात कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. कुणाला हलकी भाजलेली हवी, कुणाला गडद, आणि कोणती खरी यावर त्यांची जुंपली होती. वर्षा गाळणीतल्या पुडीवर बारीक धारेनं गरम पाणी सोडत होती. इतकी चांगली कॉफी मी पुण्यात प्यायलेली नाही. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण खरं आहे.

"तरुण पोरं येतात गं," वर्षा म्हणाली. "माझे बाबाच येत नाहीत."

उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी स्वतः घरोघर जाऊन मोहल्ल्याला आमंत्रण दिलं होतं. हिनं हौसेनं सगळ्यांच्या हातात कोऱ्या कॉफीचे कप दिले. म्हातारी माणसं गप्प झाली. दोन घोट घेऊन, हात जोडून, एकेक जण उठून गेला. मयतीच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तसंच इथेही कुणी म्हणालं नाही. त्या दिवसापासून बाबांनी दुकानात पाऊल टाकलेलं नव्हतं.

रात्री त्यांच्या घरी पाटवडीचा झणझणीत रस्सा आणि भाकर होती. जयभीम करून मी काकांशेजारी, म्हणजे वर्षाच्या बाबांशेजारी, जेवायला बसले. काका सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मी परतवाड्याच्या चाचांची गोष्ट सांगितली, तर त्यांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन ते गंभीर झाले.

"अपशकुन मी मानत नाही, बाई. पन लोक माह्या शब्दावर आले अन् तसे उठून गेले. आता कोन्या तोंडानं बोलावू?"

आत वर्षानं भांडं आपटलं.

सकाळी आम्ही दुकानात होतो. दारात काका उभे, हातात पेढ्यांचा डबा, मागे मोहल्ल्यातली आठ-दहा म्हातारी मंडळी. त्यांनी दारातच प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला आणि खाल्ल्याशिवाय कुणाला बसू दिलं नाही.

"मयतीत कोनी पेढा देते काय?" ते म्हणाले. "खा, मंग प्या. वर्षा, पहिले मले दे."

वर्षानं घाईघाईनं कप भरला, निम्मी कॉफी बशीत सांडली. काकांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"कडू हाय," ते म्हणाले. "अजून आन."

मग मंडळी अशी रंगली की उठायचं नाव घेईना. वर्षा कॉफी गाळता गाळता रडत होती आणि मीही काही फार वेगळी नव्हते.

संध्याकाळी काका मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी येईपर्यंत मी त्यांचे आभार मानत राहिले. पाहुणचारासाठी, रश्शासाठी, आणि सकाळी माझ्या मैत्रिणीचा चेहरा बघायला मिळाला त्यासाठी. ते रुळांकडे बघत होते.

"रोज जात होतो मी, बाई," ते म्हणाले. "दुकानासमोरच्या झाडाखाली उभा राहत होतो. गिऱ्हाईक आलं का पाहायचो, अन् घरी यायचो. तिले सांगू नका."

गाडी आली. मी त्यांना वाकून नमस्कार केला. सांगणार नाही असं काही मी कबूल केलं नाही, आणि जागेवर बसल्या बसल्या वर्षाला फोन लावला.