बशीतले ठोके

आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशींना सगळे 'दाई' म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि त्याही हसून ओ द्यायच्या. नाव चपखलच होतं. मोठ्या माणसाच्या कातडीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना मागे नेऊन पुन्हा मूळ पेशी करायचं आणि मग बशीत वाढवत वाढवत त्यांच्याकडून हृदयाचा इवलासा तुकडा घडवून घ्यायचा, हे आमचं काम. पोटातल्या बाळाचं हृदय पहिल्या काही आठवड्यांत कसं वळतं, कुठे चुकतं, हे आईच्या पोटात डोकावून बघता येत नाही. तेव्हा तर आईलाच पुरतं कळलेलं नसतं. म्हणून हे तिळाएवढे गोळे. आठव्या दिवशी ते आपोआप धडधडायला लागतात.

त्यांना रोज खाद्य लागतं, म्हणजे जुनं गुलाबी पाणी काढून नवं घालायचं. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे अकरा वर्षं मावशींनाही तो कळला नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या एका मिनिटाचे ठोके मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. चाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. पन्नासच्या वर आमचा गोळा कधी गेला नाही. पुढे ठोके मोजायचं यंत्र आलं, पण यंत्र खरं बोलतंय का, हे विचारायला मंडळी मावशींकडेच जायची.

मी तिथली प्रमुख. काम चोख, पण माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची भाषाही तशीच. बशी वाळली, बुरशी लागली, काहीही बिघडलं की आम्ही विचारतो, "कोणी मारली?" दिवसातून चारदा विचारतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

बशा उबेत ठेवायला आमच्याकडे इन्क्युबेटर असतात. एका सोमवारी सकाळी त्यांतला कोपऱ्यातला जादाचा चालू दिसला. एरवी तो बंदच असतो. आमचे सगळे इन्क्युबेटर सदतीस अंशांवर चालतात, हा चाळीसवर होता. आत एक बशी, बशीत सहा गोळे, आणि एकही हलत नव्हता. शुक्रवारी ह्याच सहांचे ठोके मी स्वतः पाहिले होते. माझा पारा चढला.

"ही कोणी मारली?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"चाळीसवर? तीन दिवस? अकरा वर्षं काय झोपा काढल्यात इथे? तुमच्या हातानं मारलीत तुम्ही, मावशी!"

"हो ताई," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

त्यांनी एप्रन काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेल्या. रुसल्या असतील, उद्या येतील, असं मला वाटलं. मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारीही नाहीत.

बुधवारी मी त्यांची वही उघडली. शुक्रवार, चाळीस अंश, सहा गोळे. लपवाछपवी काही नव्हती, सगळं रीतसर लिहिलेलं. प्रत्येक प्रयोगापुढे आमच्याकडे 'कारण' म्हणून एक रकाना असतो. तिथे मावशींच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात होतं: 'दुसरा महिना. ताप. तीन दिवस.'

मावशींना मूल नाही एवढं ठाऊक होतं. का नाही, हे अकरा वर्षांत मी विचारलं नव्हतं.

मग मी तो इन्क्युबेटर उघडून पाहिला. हवा कोरडी पडू नये म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे ठेवतात. तो ठणठणीत कोरडा होता. बंद मशीन घाईत चालू करताना मावशी पाणी भरायला विसरल्या होत्या. वहीप्रमाणे तीन दिवस बशी उघडलीच नव्हती; खाद्य आटलं आणि गोळे वाळून गेले. तापानं ते मेले, असं म्हणायला आता जागाच नव्हती! एवढा आनंद मला कुठल्याच प्रयोगाचा झाला नसेल. त्यांचा एप्रन पिशवीत टाकून मी तशीच त्यांच्या घरी गेले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग बोलल्या.

"एकोणीस वर्षं झाली. पाचव्या महिन्यात डॉक्टर पोटावर यंत्र फिरवत राहिले, फिरवतच राहिले. म्हणाले, ठोके लागत नाहीत. हृदय नीट बनलंच नव्हतं म्हणे. दुसऱ्या महिन्यात मला ताप होता, ताई. तरी तीन दिवस लाँड्रीत इस्त्रीच्या वाफेपुढे उभी होते. पोटात बाळ आहे, हेच माहीत नव्हतं. सासूबाई विचारायच्या, असं काय केलंस तू? मी म्हणायचे, काही नाही. तापाचं कुणालाच बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही."

"अहो, पण ट्रे कोरडा होता, मावशी."

"मग पाणी भरून पुन्हा करा. तुम्ही करा, माझा हात नको."

"बशी म्हणजे बाळ नव्हे. तिथे आईचं रक्त नाही, आईचं अंग नाही..."

"ते कळतं मला. तरी करा. आणि जे होईल ते सांगा."

मी केलं. ट्रे काठोकाठ भरला. सहा गोळे सदतीसवर, सहा चाळीसवर. चौथ्या दिवशी सकाळी सदतीसचे सगळे धडधडत होते. चाळीसचे सहाच्या सहा गप्प. मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं, काच पुसून पुन्हा पाहिलं.

तिळाएवढ्या गोळ्यांवरून एका बाईचा निवाडा करता येत नाही, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. पण मावशींना 'थांबले' एवढा एकच शब्द ऐकू आला असता. तो मला उच्चारवेना. एकदा त्यांना 'मारलीत' म्हणून झालं होतं, तेवढं पुरे होतं.

"चालू आहेत," मी त्यांच्या दारातूनच म्हणाले. "सहाच्या सहा. तापानं काही झालं नाही, मावशी."

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"मोजलेत?"

"मोजले ना."

"किती?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही आकडा मनानं बनवलेला नाही. मला ते जमतच नाही. तोंडाला येईल ते बोलून गेले.

"बहात्तर."

मावशींनी हाताला धरून मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बशीत पन्नासच्या वर जात नाहीत गं," त्या म्हणाल्या. "रडू नकोस."

अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'अगं-तुगं' केलं. एप्रन पिशवीतच होता. तो मी बाहेर काढला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.