केळ्यांच्या खोलीचं दार

बऱ्हाणपूरच्या शाळेत मी अकरावीला श्वसन शिकवते. पेशीत साखर टप्प्याटप्प्यानं मोडते. ऑक्सिजन मिळाला तर पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत. वाटेत जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण नाचतो, भांडतो, पेपर तपासतो. हे सगळं मला लग्नाआधीपासून तोंडपाठ होतं. तरी मी घरची केळी गुदमरवली.

सासर शाहपूरचं, केळीवाल्यांचं. नणंदेच्या साखरपुड्याला शिकरणाचा बेत ठरला आणि कच्चे घड पिकायला मागच्या खोलीत रचले. सासऱ्यांची पद्धत अशी, की पहिल्या दिवशी थोडा धूर देऊन खोली बंद करायची आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ दार उघडून दहा मिनिटं उंबऱ्याशी नुसतं उभं राहायचं. मला हसू यायचं. पिकवणारा वायू फळातूनच निघतो, तो बाहेर का घालवायचा? मी म्हटलं, "बाबा, या वेळी मला करू द्या."

"कर बेटा. पण केळीले बी सास लागते, दार खोलत जाजो."

मी मान डोलावली, फटींना चिकटपट्टी लावली आणि चार दिवस दाराला हात लावला नाही.

साखरपुड्याच्या सकाळी दार उघडलं तर गरम, आंबूस, दारूसारखा भपकारा आला. साली हिरव्या आणि आत गर लिबलिबीत! पिकताना फळ जोरजोरात श्वास घेतं. खोलीतला ऑक्सिजन संपत आल्यावर पेशींनी साखर अर्ध्यावरच मोडून ठेवली होती. त्यात ऊर्जा चिमूटभर मिळते आणि मागे अल्कोहोल उरतं. मला अख्खा धडा तिथे दारातच आठवला. सासऱ्यांकडे बघायची हिंमत होईना.

बाजारातून केळी आणून वेळ मारून नेली. पण सासऱ्यांच्या हातची केळी गावभर नावाजलेली. होणाऱ्या व्याह्यांनी वाटी संपवली आणि विचारलंच, "ही तुमच्या घरची नाहीत ना?"

मी वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी. आता सगळ्यांसमोर माझं नाव निघणार, याची खात्रीच होती.

"घरची खराब झाली," सासरे म्हणाले. "या बारीले माझ्याच हातून खोली बंद राह्यली. आता वय झालं ना भाऊ."

सगळे हसले. मी पुढे होऊन व्याह्यांच्या वाटीत आणखी एक डाव शिकरण वाढलं. व्याही आजही भेटले की त्यावरून सासऱ्यांना चिडवतात आणि ते हसून सोडून देतात. खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.