आईनं लावलेलं लॉन

आमच्या गावात लॉन असलेलं घर एकच, ते आमचं. असं असूनही गावात कुणी आमचा हेवा करत नाही. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबतो, गवताकडे बघतो आणि विचारतो, "म्हस घेताय काय?"

लॉनचं खूळ माझंच. रोह्याला कंपनीत नोकरी, आणि कंपनीच्या पाहुण्यांच्या बंगल्यासमोर हिरवंगार, सपाट लॉन. आम्हां कामगारांना त्यावर पाय ठेवायची बंदी होती. त्यामुळे फर्स्ट शिफ्टला जाताना मी ते रोज बाहेरून बघायचो आणि मनात म्हणायचो, एक दिवस स्वतःच्या लॉनवर लुंगी लावून चहा पिईन. कासू स्टेशनपासून रिक्षेच्या अंतरावर आमचं स्लॅबचं घर आहे, पुढं मोठं अंगण आहे. माणसानं एवढं स्वप्न बघायला हरकत नसावी.

त्याच सुमारास आमचं शेवटचं शेत रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. मला त्याचं फार वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? चिखलात वाकण्यापेक्षा कंपनीची पाळी बरी. आईला मात्र ते फार लागलं. आयुष्यात तिनं भाताची एकही लावणी चुकवली नव्हती. माझ्या जन्माच्या वर्षीसुद्धा ती शेतात होती, आणि हे ती मला अजून ऐकवते. शेत गेल्यावर पावसाळ्यात ती ओटीवर बसून राहायची, जेवण पुढ्यात निवायचं, आणि कुणी काही विचारलं तर, "काय काम हाय मला?" एवढंच म्हणायची. तिला असं रिकामं बसलेलं बघून मला भीती वाटायची.

पेणच्या नर्सरीतून मी गवताच्या काड्यांची पोती आणली. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं की आधी जमीन सपाट करा, रोलर फिरवा, मगच काड्या खोवा. मी पोती पडवीत ठेवली आणि ड्यूटीला गेलो. संध्याकाळी परत आलो तर अंगण गायब. त्याच्या जागी भाताचं खाचर. चारी बाजूंनी बांध घातलेला, पाणी तुंबवलेलं, घोटाभर चिखल, आणि त्यात शेजारच्या बायका लुगडी खोचून ओळीनं वाकलेल्या. सगळ्यांच्या पुढं आई.

"आई, हे काय केलंस?"

"काड्या सुकत व्हत्या. तुझी शिफ्ट सुटायची वाट बघायची काय?"

"अगं, लॉन आहे ते. भात नाही."

"मुळं हायत ना त्याला? मग लावायचंच ना?" असं म्हणून तिनं पुढची मूठ उचलली. तिच्या तोंडावर चिखलाचा शिंतोडा होता आणि ती हसत होती. मला ओरडायचं होतं, पण बायकोनं आतूनच डोळे वटारले. मी मुकाट्यानं हातपाय धुऊन चहा प्यायलो, तोही पडवीत.

गवत मात्र जोरात आलं. आईनं त्याची बेणणी केली, तण उपटून टाकलं, बांध फुटला की रात्रीचा पाऊस असला तरी सकाळी उठून बुजवला, आणि गुडघाभर गवत झाल्यावर बायकांना बोलावून विळ्यानं कापणीही केली. पेंढ्या बांधून शेजारच्या म्हशीला घातल्या. म्हणजे लॉनचं पहिलं पीक म्हशीनं खाल्लं. आई जेवायला लागली होती, म्हणून मी कुरकूर पोटात ठेवली.

मग गवत कापायचं मशीन घ्यायला पेणला गेलो. दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक नुसतं ढकलायचं, दोन चाकांत फिरणारी पाती. छान, बिनआवाजी, पण गवत जरा ओलं असलं की पात्यांना गुंडाळतं, आणि आमच्याकडे गवत ओलं नसतं तेव्हा ते वाळलेलं असतं. दुसरं विजेचं. त्याची वायर मागं शेपटीसारखी ओढत न्यायची आणि स्वतःच कापायची नाही याकडे लक्ष ठेवायचं. शिवाय आमच्याकडची वीज तिच्या मर्जीची. तिसरं पेट्रोलचं, जड, दोरी ओढून चालू करायचं, आणि आवाज असा की चारी वाड्यांना कळावं. मी तेच घेतलं. दुकानदारानं विचारलं, "लॉन केवढं आहे?" मी हात जरा जास्तच फाकवले.

दसऱ्याला आईनं मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी ऐटीत दोरी ओढली. माळ खाली लोंबत होती, ती पात्यानं ओढून घेतली आणि अंगणभर झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. पोरंटोरं टाळ्या पिटायला लागली. पण खरी फजिती पुढंच होती. पावसाळ्यात चिखलात रुतलेली बायकांची पावलं आता वाळून दगडासारखी झाली होती. बाहेरून हिरवं मखमल, आत खड्डेच खड्डे. मशीनचं चाक खड्ड्यात गेलं की पातं मातीत घुसायचं, मशीन गचकन बंद पडायचं आणि तिथं गवताला चाई लागल्यासारखं टक्कल दिसायचं. महिन्याभरात पात्याची धार गेली.

मशीन रिक्षेत घालून रोह्याच्या मेकॅनिककडे नेलं. तो पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करतो, आणि मशीन बघून त्याला ते टिलरचं आजारी पिल्लू वाटलं असावं. त्यानं पातं काढलं, बघितलं आणि म्हणाला, "काय हो, खडी कापता काय?" तिथून परतलो तो शहाणा होऊन. मशीनखाली हात घालण्याआधी प्लगची टोपी काढायची. आडवं करायचं तर एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवून, नाहीतर ऑइल त्यात शिरतं. कापून झालं की खाली चिकटलेलं गवत लगेच खरवडायचं, कारण आमच्या खाडीच्या हवेत लोखंड गंजायला निमित्तच शोधत असतं. पावसाळ्याआधी टाकीतलं पेट्रोल काढायचं. हे शेवटचं मी पहिल्या वर्षी केलं नाही, आणि नंतर दोरी ओढून ओढून माझा खांदा उतरला. बायको म्हणाली, "म्हस घेतली असती तर निदान दूध दिलं असतं."

शेवटी ठरवलं, खड्डे भरायचे. चाळलेली माती पसरायची, रोलर फिरवायचा, विषय संपवायचा. फाटकाशी ट्रॉलीभर माती टाकून घेतली. त्याच आठवड्यात पेणच्या डॉक्टरांनी आईचे गुडघे बघून सांगितलं होतं की आता वाकायचं नाही, चिखलात तर पाऊलच टाकायचं नाही.

मी फावडं घेतलं तशी ती काठी टेकत अंगणात आली. कडेकडेनं चालत एका ओळीपाशी थांबली आणि काठीनं खड्डे दाखवू लागली. तिच्या डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला आहे, तो खड्ड्याखड्ड्यात उमटला होता.

"बाकीचं भर. ही वळ ऱ्हाऊ दे."

"आई, लॉनला कुणी खड्डे ठेवतं काय?"

"ही माझी हाय," ती म्हणाली. "आता माझ्याच्यान लावणी व्हायची नाय. ही शेवटची."

बायको दारात उभी होती, ती नुसतीच आत निघून गेली. मी फावडं ठेवलं आणि आईला हात धरून ओटीवर बसवलं. बाकीचं अंगण मी सपाट केलं. तेवढी ओळ राहिली.

आता दर रविवारी मी लॉन कापतो. पातं पुन्हा मातीत घुसू नये म्हणून त्याची उंची सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवलेली असते, त्यामुळे गवत बंगल्याच्या लॉनसारखं कधीच दिसत नाही. सुट्टीत पाहुणे येतात आणि विचारतात की मध्येच ही उंच गवताची ओळ कशाला सोडली आहे. मी सांगतो, मशीनमध्ये दोष आहे. मशीन काही उलट बोलत नाही.

त्या ओळीजवळ पोचलो की ओटीवरून आईचा आवाज येतो, मशीनच्या आवाजावरही ऐकू येतो.

"हळू रे! तिथं मी हाय."

मी मशीन बंद करतो, दोन्ही हातांनी उचलतो आणि ओळीपलीकडे नेऊन ठेवतो. मग पुन्हा दोरी ओढतो.